सुतकातली साखर

वामनरावांच्या तोंडात साखर घातली ती त्यांच्या सुनेने, अश्विनीनेच. गेले तीन महिने त्या घरातला साखरेचा डबा कुलपात होता आणि किल्ली तिच्या पर्समध्ये होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मंगळवारी सगळ्यांची मती कशी गुंग झाली असेल ते कळेल.

सकाळचे सव्वानऊ झाले होते. वामनरावांच्या चुलती गोदाकाकूंच्या सुतकाचा पाचवा दिवस. त्यांचे मोठे भाऊ सुकलाल आणि वहिनी भागाबाई फोपनार गावाहून पहिल्या बसने बुऱ्हाणपूर शहरात आले होते, कारण दहाव्याचे सामान इथूनच न्यायचे होते. केळीच्या बागेला चार दिवस पाणी नाही, काकूंच्या मुलांचे एकमेकांशी पटत नाही, अशा सगळ्या गोष्टी दोघा भावांत चालल्या होत्या. वामनरावांचा नाश्ता एरवी साडेसातच्या ठोक्याला होत असे. पण "दादा आलाय, त्याच्यासोबत बसतो," म्हणत त्यांनी तो दोनदा मागे ढकलला. बोलता बोलता त्यांचा सदरा घामाने चिंब झाला. "दादा, खिडकी उघड रे जरा," एवढे म्हणाले आणि दिवाणावर कलंडले.

अश्विनीने साखर तपासायचे मशीन आणून त्यांच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला बावन्न. तिने पर्स पालथी केली, किल्ली शोधली, कुलूप काढले आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून सासऱ्यांना घोट घोट पाजली. त्यांना गिळता येत होते, हे नशीब. दहा मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही बाबा. तुम्ही चाललेले," मुलगा तुषार म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला. त्याचा ऑफिसचा डबा हातातच होता.

मग भांडण सुरू झाले. सुकलाल त्र्याहत्तर वर्षांचे, आवाज शेतातला. एवढ्याशा खोलीत तो मावेना.

"तीन महिने झाले, साखर बंद, साखर बंद! आन् आता तूच त्याले साखर पाजली. मंग खरं काय समजायचं आमी, पोरी?"

"मोठे बाबा, आत्ता शुगर कमी झाली होती त्यांची."

"कमीच करायची होती नं तुमाले?"

"हो, पण इतकी नाही."

"मंग कितीक करायची होती?"

ह्या प्रश्नाला अश्विनीकडे उत्तर होते, पण ते ऐकून घ्यायला कोणी मोकळे नव्हते. भागाबाईंनी पदर सावरून स्वयंपाकघरात एक नजर टाकली. तव्याशेजारी मुगाच्या धिरड्याचे पीठ आणि वाटीत मोडाची मटकी होती.

"हे खाऊ घालते तू त्याइले?" त्या म्हणाल्या. "हे तर आमी गाभण गाईले देतो."

तुषारला हसू आले. बायकोकडे बघताच ते त्याने गिळले.

वामनरावांचा जुना नाश्ता शहरातल्या शनवारा भागात कोणालाही विचारा. शाळेत विज्ञान शिकवायला जाताना बत्तीस वर्षे ते कोपऱ्यावर थांबत. पोहे, वर शेव, सोबत जलेबी, आणि रविवारी मावा जलेबी, गरम, पाकातून निथळणारी. घरी येऊन तीन चमचे साखरेचा चहा. निवृत्तीनंतर शाळा सुटली, कोपरा सुटला नाही. मग उन्हाळ्यात पायाच्या अंगठ्याला ठेच लागली आणि ती जखम महिनाभर भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि त्या दिवसापासून अश्विनीने घर हातात घेतले. रावेरला तिच्या वडिलांचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला होता तेव्हा ती अकरावीत होती. "गोड काय, थोडंसं चालतं," असे म्हणणारे सगळे नातेवाईक त्या वेळी दवाखान्याच्या बाहेर केळी घेऊन उभे होते. ते तिच्या मनातून गेले नव्हते, जाणारही नव्हते.

तिने जलेबी बंद केली, पोहे आठवड्यातून एकदाच ठेवले, तेही शेंगदाणे आणि भाज्या घालून. स्वतः तेच खाल्ले, नवऱ्यालाही तेच दिले. तुषार ऑफिसच्या कँटीनमध्ये काय खात होता ते तिला ठाऊक होते, पण तो तिच्या यादीत दुसऱ्या नंबरवर होता. पहिल्या नंबरच्या माणसाची शुगर मात्र हलेना. रोज सकाळी सुई टोचून ती वहीत लिहायची. दोनशे दहा. दोनशे चोवीस. दोनशे एकतीस. तेही उपाशीपोटी! डॉक्टरांनी वहीचे फोटो पाहिले आणि महिन्यापूर्वी गोळी दुप्पट केली. तरी आकडे तिथेच राहिले.

मग तिला संशय येऊ लागला. तिने नवऱ्याच्या बाईकची डिकी तपासली होती. फोपनारहून आलेला केळीचा घड शेजारच्या रंभाबाईंना देऊन टाकला होता. एकदा तर सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशाचा वासही घेतला होता, आणि ते तुषारने पाहिले होते. त्या घरात तीन महिने प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

"माझं ऐका," सुकलाल म्हणाले. "वामनले मी आजच घेऊन जातो. गोळ्या बंद, मशीन बंद. पहाटे दूध-भाकर, दोन केळी. तिथं कोनी त्याले उपाशी नाही मारनार."

"दादा, कोणी उपाशी मारत नाही मला," वामनराव क्षीणपणे म्हणाले.

"तू चूप राह्य. तू तर कोनाच्या घरी पडला तेही तुले मालूम नव्हतं."

"मोठे बाबा, गोळ्या एकदम बंद केल्या तर पुन्हा वाढेल. पायाची जखम आत्ता कुठे भरलीय," अश्विनी म्हणाली. "आणि ह्याच गोळ्या चालू ठेवल्या तर उद्या पुन्हा असं होईल. तिथे रात्री-बेरात्री कोण बघणार? मी डॉक्टरांना कळवलंय, अकरा वाजता त्यांचा फोन येणार आहे. त्यांनी विचारलंय, काय बदललं ते नीट सांगा म्हणून."

"मग सांग ना, काय बदललं?" तुषार म्हणाला.

"तेच तर मला कळत नाहीये!"

तिचा आवाज फाटला. तुषार उठून तिच्याकडे जाईल असे वाटले, पण तो मोठ्या बाबांकडे वळला. "मला वाटतं, आठ दिवस जाऊ दे बाबांना. मतलब, हवापालट होईल. इथे सगळे टेन्शनमध्ये आहेत यार."

अश्विनीने नवऱ्याकडे बघितले. नवरा इतक्या सहजपणे पलीकडच्या बाजूला जाऊन बसेल हे तिला अपेक्षित नव्हते. तिला फार एकटे वाटले.

दिवाणावर पडलेल्या वामनरावांना सगळे ऐकू येत होते, आणि त्यातले काहीच जुळत नव्हते. जिभेवर अजून साखर होती. ती इतकी गोड लागली होती की त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. मुलांना पचनसंस्था शिकवली, फळ्यावर स्वादुपिंड काढून दाखवले, आणि स्वतःच्या पोटात काय चालले आहे हे कळू नये म्हणजे काय? त्यांनी सुनेला फसवले नव्हते. खिशात गोड गोळी नाही, चोरून चहा नाही. कोपऱ्यावरचा जलेबीवाला हाक मारायचा तर ते रस्ता बदलून जायचे. डॉक्टरांनी विचारले, "उपाशीपोटीच ना?" तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून "हो" म्हटले होते. आणि ते त्यांच्या दृष्टीने खरेच होते.

गेले चार-पाच दिवस सकाळ मात्र ओकीबोकी जात होती. घरात घंटा नाही, उदबत्ती नाही. सूतक म्हटले की असेच असते, असे म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला होता. त्यांना फोपनारला जायचे नव्हते. पण दादाला नाही म्हणायची त्यांना आयुष्यात सवय नव्हती.

ह्या सगळ्यात वामनरावांच्या पत्नी सुलभाताई कुठे होत्या? त्या आतल्या खोलीत होत्या, देव्हाऱ्यासमोर. देव्हाऱ्यावर पांढरे फडके टाकलेले होते. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून त्या दोन हात लांब भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागत होत्या. नवरा का पडला हे त्या घरात फक्त आपल्यालाच माहीत आहे, अशी त्यांची खात्री होती.

नवस मोडला म्हणून.

त्यांनी नवस बोलला होता तो अंगठ्याची जखम दाखवून आले त्याच दिवशी. यांची साखर उतरू दे, एकशे आठ दिवस तुला दराब्याचा नैवेद्य दाखवीन. दराबा बुऱ्हाणपुरात काही नवा नाही. रवा, तूप आणि पिठीसाखर हाताने फेटून फेटून लोण्यासारखी करायची. सुलभाताई तो दर पंधरा दिवसांनी, सून शाळेत शिकवायला गेली की करत. त्यासाठी पिठीसाखर वेगळी आणत, आणि डबा देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवत. लपवायचे म्हणून नव्हे. देवाचे देवाजवळ ठेवायचे म्हणून. त्यांच्या माहेरी नवसाचा नियम असा होता की तो कोणाला सांगायचा नाही, आणि प्रसाद वाटायचा नाही. ज्याच्यासाठी नवस, त्यानेच तो शेवटच्या कणापर्यंत संपवायचा. म्हणून सकाळी सहाला पूजा झाली की अश्विनी आणि तुषारच्या हातावर चार फुटाणे पडत, आणि वामनरावांच्या हातात चांदीची वाटी जाई. ते ती डोळ्यांना लावत, संपवत आणि वाटी धुऊन परत देत. मग सुलभाताई पोथी वाचून उठत आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगत, "झाली गं पूजा, आता टोच." घरात रक्त निघाल्यावर देवाला आंघोळ घालायची नाही, हाही माहेरचाच नियम होता. आधी देव, मग सुई.

अठ्ठ्याहत्तर दिवस सगळे नीट चालले होते. एकोणऐंशीव्या पहाटे फोपनारहून फोन आला, गोदाकाकू गेल्या. आणि नवस अडला.

त्यांना वाटले, उठावे आणि बाहेर जाऊन सांगून टाकावे. पोरीचा काही दोष नाही म्हणावे. देव रागावलाय. अश्विनीला बोलणी खाताना ऐकून त्यांचा जीव कासावीस होत होता. कडक आहे, फटकळ आहे, पण सासऱ्यांचा अंगठा रोज रात्री खाली बसून तीच पुसत होती. त्या उठल्या. पदर डोक्यावर घेतला आणि दारापर्यंत आल्या.

बाहेर अश्विनी वही उघडून बसली होती. आता ती कोणाशी भांडत नव्हती, स्वतःशीच मोठ्याने वाचत होती.

"बुधवारी दोनशे एकोणीस. गुरुवारी दोनशे सव्वीस. शुक्रवारी एकशे अठरा. शनिवारी एकशे नऊ. रविवारी एकशे एक. काल चौऱ्याण्णव, आज सकाळी अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं, शेवटी धिरड्यांना यश आलं. सुतकात आनंद कसा दाखवायचा म्हणून मी बोलले नाही, नुसतं ह्यांना सांगितलं."

"हो, सांगितलेलं," तुषार म्हणाला.

"पण धिरडी तर तीन महिने चालू आहेत. एका रात्रीत निम्मी कशी होईल शुगर? गुरुवारी रात्री मुगाची खिचडी होती. तीच शुक्रवारी होती. गोळी तीच. चालणंही तेवढंच."

भागाबाईंना आकडे कळत नव्हते, पण वार कळत होते. "शुक्करवारी तर काकू गेल्या," त्या म्हणाल्या. "पहाटे पाचलेच फोन केला आमी."

"काकू गेल्यानं ह्याची साखर काहून उतरंल?" सुकलाल म्हणाले. "काईबी बोलते."

"मी कुठं म्हनते उतरंल? वार जुळला म्हनून सांगतलं. सूतक लागलं की घरात काय काय बंद होतं, ते पाहा म्हना पोरीले."

"काय बंद होतं?" तुषारने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "गोडधोड. पण ते आपल्याकडे आधीच बंद. देवळात जाणं. पूजा..."

दारात सुलभाताईंनी चौकट धरली. शुक्रवारी एकशे अठरा. गुरुवारी त्यांनी वाटी दिली होती, शुक्रवारी दिली नव्हती. त्यांनी मनाला पुष्कळ दुसरीकडे नेऊन पाहिले. देवाचा कोप म्हणावा तर साखर चढायला हवी होती. ती तर उतरली होती, नवसात मागितली होती तशी. नवस चालू होता तोवर चढलेली, नवस थांबला आणि उतरली.

"मी देत होते," त्या म्हणाल्या.

तुषारने मागे वळून पाहिले.

"काय देत होतीस, आई?"

"प्रसाद. नवसाचा. एकशे आठ दिवसांचा होता, तीस राहिलेत. ह्यांना रोज सकाळी, पूजा झाली की. मग अश्विनी सुई टोचायची."

सुकलालांनी मान झटकली. "प्रसाद म्हंजे काय खानं हाय? प्रसादानं काई होत नसतं."

"नाहीच होत," भागाबाई म्हणाल्या.

"प्रसाद म्हणजे खाणं नव्हे," वामनराव दिवाणावरून म्हणाले. ते मनापासून म्हणाले, सवयीने म्हणाले, आणि मग थांबले. वर्षानुवर्षे फळ्यावर काढलेले स्वादुपिंड त्यांना आठवले असावे. त्याला प्रसाद आणि जलेबी ह्यांतला फरक कोणी शिकवला होता?

"आई, किती असायचा?" अश्विनीने हळू आवाजात विचारले.

सुलभाताई आत गेल्या. देवाला हात लागायला नको म्हणून कपाटाच्या कडेकडेने त्यांनी वाटी काढली आणि आणून सुनेच्या वहीवर ठेवली. चांदीची, लग्नातली, चांगली खोल वाटी होती.

"भरून?"

"भरून. दराबा. वर चमचाभर मध."

"आई!" तुषार ओरडला. "एवढा दराबा मी दिवाळीत नाही खात! आणि ही बाई माझ्या बाईकची डिकी तपासत होती!"

अश्विनी वाटीकडे पाहत राहिली. तिला राग यायला हवा होता. तीन महिन्यांची धिरडी, दुप्पट झालेली गोळी, आज घामाने चिंब झालेला तो सदरा. सगळ्याचा राग एकदम यायला हवा होता. पण समोर उभ्या असलेल्या बाईने नवऱ्याची साखर उतरावी म्हणून अठ्ठ्याहत्तर दिवस पहाटे पाचला उठून दराबा वाढला होता. कोणावर रागवायचे तेच तिला कळेना. आणि रोज चार फुटाणे स्वतः तोंडात टाकून, त्यानंतर अर्ध्या तासाने वहीत "उपाशीपोटी" असे तिनेच तर लिहिले होते. तिच्याही मनात प्रसाद कधी खाण्यात आला नव्हता.

फोन वाजला. अकराला दहा कमी होते.

"हॅलो, हो डॉक्टर," अश्विनी म्हणाली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने एकदा सासूकडे पाहिले. "आता बरे आहेत. कारण कळलं डॉक्टर. चूक माझी आहे. मी सकाळची तपासणी उपाशीपोटी म्हणून लिहीत होते, पण ती..."

सुलभाताईंनी हात पुढे केला. डॉक्टरांशी त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. दवाखान्यातही त्या दाराजवळच्या खुर्चीत पिशवी सांभाळत बसायच्या. अश्विनीने फोन त्यांच्या हातात दिला.

"डॉक्टरसाहेब, मी ह्यांची मिसेस बोलते. माझ्या सुनेची काही चूक नाही. ती मला पाठीशी घालतेय. हे उपाशी नव्हतेच कधी. मी त्यांना आधी वाटीभर गोड द्यायची, मग ती रक्त काढायची. तुम्ही गोळी वाढवली ती माझ्यामुळे. पाच दिवस झाले, सूतक आहे, मी दिलं नाही. गोळी तेवढीच राहिली." त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "हो. हो. निम्मी. आणि गोळीनंतर नाश्ता लांबवायचा नाही. सांगते."

नाश्ता लांबवायचा नाही हे ऐकून सुकलालांनी भावाकडे पाहिले आणि मग स्वतःच्या पायांकडे. "म्हंजे मी बसून राह्यलो त्याच्यानंही झालं का हे?" त्यांनी कोणालाच न उद्देशून विचारले. पाच मिनिटांपूर्वीचा आवाज त्यात नव्हता. नेण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, पण प्रसादाने साखर वाढते हे काही त्यांच्या गळी उतरले नव्हते. ते मान हलवत राहिले.

फोन ठेवून सुलभाताई दिवाणाच्या कडेला बसल्या आणि मग मात्र त्यांना रडू आले. "मी मारलं असतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

वामनरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "मी विज्ञानाचा मास्तर. मीच खात होतो ना," ते म्हणाले.

"आन् नवस?" भागाबाईंनी विचारले. त्यांना ही काळजी खरीच होती. "तीस दिवस राह्यले नं? दहाव्यानंतर सूतक फिटंल. अर्धा नवस टाकून कसं चालंल?"

तुषारने बायकोकडे बघितले, बायकोने सासूकडे. इतका वेळ सगळ्या गोष्टी सांगणाऱ्या अश्विनीने ही एक गोष्ट सांगितली नाही. ती सांगायची पाळी आपली नव्हे, हे तिला त्या क्षणी बरोबर कळले.

सुलभाताईंनी डोळे पुसले. वहीवरची वाटी उचलली आणि पदराने पुसून मांडीवर ठेवली.

"देवाला दाखवीन," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातावर तुळशीचं पान ठेवीन. त्याला राग यायचा तर माझ्यावर येऊ दे." मग त्या सुनेकडे वळल्या. "सूतक फिटलं की आधी तू टोच. तुझं लिहून झालं म्हणजे मला हाक मार. मी त्यानंतर पूजेला बसेन."

अश्विनीने मान हलवली आणि धिरड्यांसाठी तवा गॅसवर ठेवला, कारण अकरा वाजले होते आणि घरात अजून कोणीच नाश्ता केला नव्हता.